हीप्सचे शेवटचे २८० फूट आणि तुमचा ८० मीटरचा दोर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांचा गट, सगळे मूळचे पुण्या-ठाण्याकडचे, आता फिनिक्स आणि सॅन होजेत नोकरीला. नागफणी दोनदा झाली, सांदण दरी झाली, कोकणकड्याचं रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) एकदा, पावसाळ्यात धबधब्यांवर बरंच काही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे आणि तिथली हीप्स कॅन्यन, म्हणजे खोल अरुंद घळ, उतरायची आहे, तीही मुख्यतः शेवटच्या २८० फुटांच्या अधांतरी रॅपलिंगसाठी. जवळ ८० मीटरचा एक स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर आहे. तो पुरेल का, आणि आणखी काय तयारी हवी?

नाही पुरणार. २८० फूट म्हणजे साधारण ८५ मीटर. शिवाय दुकानातून आणलेला ८० मीटरचा दोर दोन-चार वेळा भिजून वाळला की आणखी काही टक्के आखडतो. घरी एकदा धुऊन, वाळवून, टेपने मोजून बघा, मग कळेल. पण समजा उद्या तुम्ही शंभर मीटरचा दोर घेऊन आलात, तरी मी यंदा हीप्स करू नका असंच म्हणेन. उंचीमुळे नाही. नागफणीवर ज्याने तीनशे फूट शांतपणे उतरून दाखवलेत, त्याला ८५ मीटर जड नाहीत.

सह्याद्रीत आपण रॅपलिंग करतो तेव्हा दोर वर बांधलेला असतो आणि तो तिथेच राहतो. वर एक जाणता माणूस बसलेला असतो, वेगळ्या दोरावर बिले (पडता पडता सावरणारा आधार) असतो, कोणी मध्येच गारठला तर वरून आवाज येतो, "पाय फाक, मागे बस, खाली बघू नकोस." सगळे उतरले की वरची मंडळी दोर गुंडाळून पायवाटेने खाली येतात. वाळवंटी कॅन्यनमध्ये वर कोणी राहतच नाही. शेवटचा माणूस उतरला की दोर त्याच्यामागून खाली यावा लागतो, कारण पुढचे दहा-बारा पॅच (उभे टप्पे) त्याच दोरावर उतरायचे असतात. आणि दोर ओढून खाली पडला, की त्या क्षणी परतीची वाट बंद. दोन बाजूंना शेकडो फूट गुळगुळीत भिंती, पुढे पाणी. त्यामुळे इथलं नियोजन "उतरू कसं" इथून सुरू होत नाही. "दोर खाली येईल का, आणि नाही आला तर काय" इथून मागे मागे करत आणावं लागतं.

दोराचा हिशेब त्यातूनच निघतो. सर्वांत उंच टप्प्याच्या दुप्पट दोर हवा. प्रत्येक जण एकेरी दोरावर उतरतो. वर अँकरच्या (ज्याला दोर अडकवतात त्या पक्क्या आधाराच्या) कडीतून दोर ओवून पलीकडच्या बाजूला ब्लॉक केलेला असतो, म्हणजे गाठ किंवा कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) त्या कडीत अडकतो आणि वजन झेलतो. खालून दुसरी बाजू ओढली की ब्लॉक सुटून खाली येतो आणि त्याच्यामागून अख्खा दोर. ती ओढायची बाजूही तितकीच लांब लागते. हीप्ससाठी म्हणजे ९० ते १०० मीटरचे दोन. बरेच जण दुसरा म्हणून ६ मिलिमीटरची पुल-कॉर्ड, म्हणजे फक्त ओढायची बारीक दोरी, नेतात, वजन वाचतं. सहा जणांच्या गटात मी दोन्ही पूर्ण जाडीचेच दोर नेईन. एक अडकला, कापला गेला, तर दुसऱ्यावर माणूस उतरवता आला पाहिजे. पुल-कॉर्डवर तो उतरवताना माझे हात थरथरतील. आठ-साडेआठ मिलिमीटरचा शंभर मीटर दोर कोरडा असताना पाच-साडेपाच किलो भरतो, भिजून वाळूने माखला की त्याहून बराच जास्त. पॉलिएस्टरचा घ्या. तो नायलॉनपेक्षा कमी ताणतो, आणि लांब पॅचवर ताण म्हणजे धारेवर करवत.

पहिला माणूस उतरताना तळ दिसत नाही, दोर पोचलाय की नाही कळत नाही. म्हणून कोरड्या टप्प्यावर पहिल्याच्या दोराला खालच्या टोकाला गाठ मारायची. मात्र शेवटच्या माणसाने ती सोडायलाच हवी, कारण दोर ओढताना तेच टोक वर जाऊन कडीतून पार व्हायचं असतं. ती गाठ कडीत बसली की तुमचा शंभर मीटर दोर झायनला दान. खाली खोल पाणी असेल तर मुळात गाठ मारायचीच नाही, पोहताना माणूस त्या गाठीपाशी डिसेंडरसकट (दोराला घर्षण देऊन वेग आवरणाऱ्या उपकरणासकट) अडकतो. तिथे दोराची लांबी अशी ठेवायची की टोक पाण्याला जेमतेम टेकेल. ब्लॉकही शेवटचा माणूस सोडून बाकी सगळ्यांसाठी सोडता येण्याजोगा बांधा, म्हणजे कोणी मध्येच अडकला तर वरून दोर ढिला सोडत त्याला खाली पोचवता येतं. तुम्ही कोकणकड्यावर वेगळा बिले दिलात, इथे बहुतेक वेळा हाच तुमचा बिले.

आता घर्षणाचा मुद्दा, आणि इथे जरा थांबतो, कारण नागफणी करून आलेले हुशार लोक नेमके इथेच गडबडतात. अधांतरी ८५ मीटरच्या माथ्यावर तुम्ही लटकता तेव्हा तुमच्याखाली चार-पाच किलो दोर लोंबत असतो. ते वजनच तुमचा ब्रेक ओढून धरतं. सुरुवातीला खाली सरकायला दोर हाताने उचलून डिसेंडरमध्ये भरवावा लागतो. माणूस वैतागतो आणि म्हणतो, घर्षण फार झालं, कमी करू. निम्म्यावर आल्यावर खालचा दोर निम्मा, शेवटच्या वीस मीटरला जवळपास शून्य. म्हणजे वर जे घर्षण "फार" वाटत होतं ते खाली पुरत नाही, आणि नेमका तेव्हा हात थकलेला असतो. म्हणून डिसेंडर असा हवा की लटकत्या अवस्थेत, ब्रेकचा हात न सोडता, त्यावर दोराचा आणखी एक वळसा वाढवता आला पाहिजे. पेट्झलचा पिराना, रॉक एक्झॉटिकाचा टोटेम, त्याच जातीचे इतर. कोणताही घ्या, पण घराजवळच्या एखाद्या झाडाला टांगून घेऊन डोळे मिटून तो वळसा पन्नास वेळा मारा.

आणि हळू. ऐंशी किलोचा माणूस ८५ मीटर खाली आला की जी ऊर्जा सुटते ती एक पेला साधं पाणी उकळायला पुरेल, आणि ती उष्णता होऊन डिसेंडरच्या त्या मूठभर ॲल्युमिनियममध्ये आणि दोरात शिरते. भर्रकन उतरून तळाशी थांबलात तर तो तापलेला धातू दोराच्या एकाच जागेवर टेकून राहतो. पाच मिनिटं घ्या, काही बिघडत नाही. उतरल्यावर डिसेंडर उघड्या हाताने काढू नका, एवढं एकदा चटका बसला की आपोआप लक्षात राहतं.

आपला जुना फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराचा डिसेंडर) मात्र घरी ठेवा. तो दोराला पीळ घालतो. तीस मीटरवर ते खपून जातं, ८५ मीटरवर सहा माणसांचा पीळ साठला की खाली दोन दोर एकमेकांभोवती वेणीसारखे गुंफले जातात आणि ओढताना जागचे हलत नाहीत. अधांतरी माणूस स्वतःभोवती फिरतो ते वेगळंच. त्याने घाबरू नका, समोरच्या भिंतीकडे बघायचं सोडून दोराकडे बघा. सॅक पाठीला नको. एका स्लिंगने (शिवलेल्या पट्टीच्या फासाने) हार्नेसच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या, पुढच्या बिले-लूपला खाली लोंबकळत सोडा, नाहीतर भिजलेली सॅक तुम्हाला मागे कलंडवते आणि तुम्ही पाच मिनिटं पोटाच्या स्नायूंवर उतरता.

सह्याद्रीचा कातळ बेसॉल्ट, टणक. झायनच्या भिंती नवाहो सँडस्टोनच्या, ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दाबून घट्ट झालेल्या. नखाने नाही, पण दोराने झिजतात. नेहमीच्या टप्प्यांच्या कडांना दोरांनी बोटभर खोल खाचा पडलेल्या दिसतील, आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठाला पडतात तशा. त्या खाचेत दोर शिरला की ओढताना रुततो. उलट वाळूचा प्रत्येक कण दोराला घासतो. म्हणून दर माणसामागे वरून हातभर दोर पुढे सोडायचा, म्हणजे धारेवर दरवेळी नवी जागा येते. उड्या मारत, फिल्मी पद्धतीने उतरायचं नाही. प्रत्येक उडी धारेवर एक फटका.

शेवटचा माणूस उतरण्याआधी खालच्यांनी दोर ओढून पाहायचा असतो. दोनेक फूट हलला पाहिजे, मग परत जागेवर. हे न केल्याची एक गोष्ट माझ्याच खात्यावर जमा आहे. युटातच, चाळीस मीटरचा पॅच, संध्याकाळचे पाच, मी शेवटचा. खालचे थंडीने कुडकुडत होते म्हणून मी "चालतंय" म्हणून उतरलो. दोर आला, आला, आणि बारा-पंधरा मीटर उरला असताना थांबला. ब्लॉक सुटून खाली आला होता, दुसरं टोक वर कुठेतरी खाचेत. चार जण लटकलो, दीड तास. वर चढून सोडवावा असं सगळ्यांच्याच मनात आलं, पण तो दोर कशाने धरलाय हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि अशा दोरावर ज्युमार (दोर पकडून वर चढायचं उपकरण) लावणं म्हणजे न तपासलेल्या अँकरवर झोपणं. शेवटी कापला. पुढचे टप्पे वीस मीटरच्या आतले होते आणि दुसरा दोर सॅकमध्ये होता, म्हणून रात्री अकराला का होईना, गाडीपाशी पोचलो. पुढचा टप्पा उंच असता तर तिथेच सकाळ झाली असती.

ज्युमारिंगचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तुमच्या गटातल्या प्रत्येकाला, "मी फक्त उतरणार" म्हणणाऱ्यालाही, एकेरी दोरावर चढता आलं पाहिजे. प्रुसिकने (दोराभोवती मारलेल्या आवळणाऱ्या गाठीने) आणि ज्युमारने, दोन्ही. केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये अडकला तर अर्धा मीटर तरी वर चढून वजन काढावं लागतं. अधांतरी लटकून राहणं हीच घातक गोष्ट आहे. पाय हलले नाहीत तर रक्त खालीच साचतं आणि काही वेळातच माणूस भोवळतो. पायाला एक स्लिंगची पायरी कायम हाताशी असू द्या.

आता हीप्स का नको ते. तिथले शेवटचे उंच टप्पे सलग तीन आहेत. साधारण ६० फूट, मग १६५, मग ते तुमचे २८०. मधल्याच्या शेवटी तुम्ही बर्ड पर्च नावाच्या कट्ट्यावर येता. नावाप्रमाणेच पक्ष्याने बसावं एवढी जागा. सहा माणसांनी तिथे गर्दी करायची नाही, त्यामुळे माणसं तीन ठिकाणी वाटून ठेवत, बोलणं ऐकू येत नसताना, दोर फिरवत जायचं. आणि हे कधी, तर दिवसाच्या शेवटी. त्याआधी वेस्ट रिमच्या पायवाटेने लांबची चाल, आणि मग खळगे. तुम्ही निघोजचे रांजणखळगे वरून पाहिले असतील. तसा एखादा खोल रांजण घ्या, त्यात गळ्याइतकं बर्फासारखं पाणी भरा, काठ डोक्याच्या चार-पाच फूट वर ठेवा, आणि त्यात स्वतः उतरून पलीकडच्या गुळगुळीत भिंतीने बाहेर निघायचं आहे असं समजा. असे एकामागून एक. दोन्ही शंभर मीटरचे दोर पाठीवर, कारण ते लागणार शेवटीच. एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर चढवून, पलीकडे वाळूची पिशवी दोराला बांधून फेकून, कधी हुकने, असं बाहेर पडावं लागतं. अवघडपणाच्या मापात हीप्स ४बी आहे. ४ हा तांत्रिक बाजूचा वरचा आकडा, बी म्हणजे पोहावं लागेल इतकं पाणी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे साडेसातच्या सुमारास उजाडतं, सातनंतर अंधारून येतं. घळीत तर ऊन पोचतच नाही. पाच मिलिमीटरचा वेटसूट घालूनही सहा-सात तास पाण्यात आत-बाहेर केल्यावर बोटं गाठ ओळखत नाहीत. एकट्या २८० च्या टप्प्याला माणशी बारा मिनिटं धरा: दोर लावणं, तपासणी, उतरणं, बाजूला होणं, शिट्टी. सहा जणांचे ७२ मिनिटं. तीन टप्पे, दोर ओढणं, वाटणी हे धरून अडीच-तीन तास सहज. म्हणजे ज्यासाठी तुम्ही जाणार तो टप्पा बहुधा हेडलाइटच्या उजेडात. दिवसा पोचलात तर खाली एमराल्ड पूलपाशी लहान मुलांसकट पर्यटक बसलेले असतात, नेमके तुमच्याखाली. तुमच्या पायाने सुटलेला सुपारीएवढा खडा त्यांच्यापर्यंत ८५ मीटर पडून येतो. दोर फेकायचा नाही, पिशवीतून सोडत न्यायचा, तो याच्यासाठीसुद्धा.

उंचीची भूक असेल तर एंगलस्टेड बघा. झायनच्या पूर्वेला, उद्यानाच्या हद्दीबाहेर सुरुवात होते आणि पहिलाच टप्पा सुमारे ३०० फुटांचा. ताजे हात, कोरडा दोर, सकाळचा उजेड. तिथे उलटी अडचण एवढीच की पहिल्या पॅचनंतर ते अवजड दोर दिवसभर वाहायचे. पुढे छोटे छोटे टप्पे, मग ऑर्डरव्हिल कॅन्यन, मग नॅरोज नावाच्या अरुंद घळीतून पाण्यात चालत उद्यानाच्या शटल बसपर्यंत. उद्यानातून बाहेर पडायचं म्हणून झायनचा परवाना लागतो. गाड्यांची अदलाबदल करावी लागते, आणि तिकडचा कच्चा रस्ता पावसानंतर साबणासारखा होतो.

पण तेही आठवड्याच्या शेवटी, आणि पहिले दोन दिवस नीट गेले तरच. पहिल्या दिवशी पाइन क्रीक करा. लहान, थंड, आणि शेवटी शंभरेक फुटांचा देखणा, जवळपास अधांतरी टप्पा. तुमच्या वेटसूटची आणि शिट्टीच्या खुणांची परीक्षा तिथेच होईल. मग बेहुनिन. ती बहुतांशी कोरडी, एकामागून एक टप्पे, लांबातले लांब १६५ फुटांच्या आसपास, म्हणजे ५० मीटर. तिथे तुमचा ८० मीटरचा दोर ऐटीत पुरतो, सोबत ६० मीटरची पुल-कॉर्ड घ्या. हीप्सच्या शेजारचीच ही घळ, वरून येणारी वाटही तीच वेस्ट रिमची, त्यामुळे पुढच्या वर्षीची चालही बघून होते. बेहुनिनला तुमच्या सहा जणांना प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागली ते एकाने लिहून ठेवा. अंदाजाने "भराभर झालं" असं सगळेच म्हणतात.

झायनच्या हद्दीत कॅन्यनिअरिंगसाठी व्यावसायिक मार्गदर्शक नेता येत नाही, तो नियमच आहे. बाहेरच्या घळींमध्ये नेता येतो. मी तुमच्या जागी असतो तर पाइन क्रीकच्याही आधी एक दिवस तसा एक शिक्षक घेऊन बाहेरच काढला असता. त्याला सांगायचं, आम्हाला फिरवू नको, आमची ब्लॉक बांधायची पद्धत बघ आणि शिव्या घाल. परवाने रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतात, एका दिवसाच्या कॅन्यनलाही लागतात, आणि गटाच्या आकाराची मर्यादा दर कॅन्यनची वेगळी असते, ती सहा जणांना परवडते का ते आधी बघा.

हवामान. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे वादळी पावसाचे दिवस असतात. ऑक्टोबर त्यामानाने बरा, पण निश्चिंत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण पुरात गेले. कीहोल म्हणजे काही हीप्स नव्हे. काही तासांची, छोट्या रॅपेलची घळ. त्या दिवशी पुराची शक्यता वर्तवलेली होती. तासाभरात दीड-दोन सेंटिमीटर पाऊस, एवढंच. आपल्याकडे जूनमध्ये एवढ्या पावसाला आपण छत्रीही उघडत नाही. पण तिथे माती नाही, झाडोरा नाही, उघडा खडक आहे; पडलेला प्रत्येक थेंब थेट घळीत उतरतो. डोक्यावर निळं आकाश असलं तरी उपयोग नाही, घळीचं पाणलोट कुठपर्यंत आहे ते नकाशावर बघून त्या भागाचा अंदाज वाचा. उद्यान रोज पुराच्या शक्यतेची पातळी जाहीर करतं. "नाही अपेक्षित" सोडून दुसरं काही लिहिलं असेल तर त्या दिवशी अरुंद घळ सोडा आणि वरच्या पायवाटांवर फिरा.

बाकी किरकोळ. माणशी चार लिटर पाणी, पाण्यातून जायचं असलं तरी. शौचाच्या पिशव्या न्यायच्या आणि भरलेल्या परत आणायच्या. अँकर बांधायला पंधरा मीटर वेबिंग (चपटी पट्टी), दोन-चार रॅपिड लिंक (पेचाने बंद होणाऱ्या कड्या) आणि चाकू शेवटच्या माणसाकडे नव्हे, पहिल्याकडे. पुढचा अँकर त्याला आधी दिसतो. उन्हाने पांढुरक्या, कडक झालेल्या जुन्या स्लिंगा दिसल्या तर कापून नवीन बांधा, आपल्या आधी दहा जण त्यावरून उतरले असतील याला काही अर्थ नाही. ब्लॉकचा कॅराबिनर स्टीलचा ठेवा, वाळू ॲल्युमिनियम खाते आणि धार सोडते.

निघण्याआधी एक करून मला कळवा: दोर झाडाला टांगा, सहाही जणांना हातमोजे घालून, सॅक लटकवून, दहा मीटर ज्युमारिंग करून वर आणि तिथल्या तिथे डिसेंडर लावून खाली यायला सांगा. प्रत्येकाची वेळ लिहा. सगळ्यात जास्त वेळ ज्याला लागेल त्याच्या मापाने एंगलस्टेडचं बघू.